'मूळ स्थिती'चे दैवत

१/ जुन्या शस्त्रांच्या बाजारात 'मूळ स्थिती' हे दैवत आहे. मूठ बदललेली वा चाप हलका केलेला दिसला, की संग्राहक नाक मुरडतात. किंमत घसरते, हे मान्य. पण ऐतिहासिक मोलही घटते, हा निष्कर्ष साफ चुकीचा आहे.

२/ कोल्टचे १८७३ सालचे 'सिंगल ॲक्शन आर्मी' रिव्हॉल्व्हर घ्या. प्रत्येक गोळीपूर्वी घोडा अंगठ्याने मागे ओढायचा. चाप तो फक्त सोडतो. चापाची ओढ जड असेल किंवा मूठ हातात नीट बसत नसेल, तर त्या क्षणी नेम हलतो.

३/ याची दखल खुद्द कारखान्याने घेतली. १८९४ मध्ये नेमबाजांसाठी 'बिस्ली' हे रूप आले: मूठ वेगळ्या वळणाची, चाप रुंद, घोड्याचे टोक अंगठ्याच्या आवाक्यात. नाव इंग्लंडमधील बिस्लीच्या नेमबाजी मैदानावरून.

४/ १९२० च्या दशकात अमेरिकी नेमबाज एल्मर कीथ यांनी बिस्ली आणि जुन्या मुठीचे भाग जुळवून आपले 'नंबर ५' घडवून घेतले. 'मूळ' नाही म्हणून तेही मोडीत काढायचे काय?

५/ बदल लपवून विकणे ही फसवणूकच. परंतु वस्तू 'पूर्ववत' करण्याच्या हौसेने कानशीचे जुने ओरखडे पुसणे, हे पोथीच्या समासातील टिपा खरवडण्यासारखे आहे. वस्तू कशी विकली गेली, हे कारखान्याचा शिक्का सांगतो. ती कशी वापरली गेली, हे ते ओरखडे सांगतात. इतिहासाला दोन्ही साक्षी हव्यात.