आधीं कचेरी, मग शहर

मुंबई महानगरपालिकेनें २०२२ सालीं हवामान कृति-आराखडा प्रसिद्ध करून २०५० पर्यंत शहराचें निव्वळ कर्ब-उत्सर्जन शून्यावर आणण्याचा संकल्प केला. तो स्तुत्य आहे. परंतु अशा कार्याचा आरंभ पालिकांच्या स्वतःच्या कचेऱ्यांपासून व्हावयास पाहिजे. आपल्या देशांतील बहुतेक वीज अद्याप कोळसा जाळूनच होते. छपरावर सौर पॅनेल बसविलें कीं कर्तव्य संपलें, असें कित्येकांस वाटतें. पण घागर गळकी असतां नुसतें पाणी ओतून काय लाभ? ६० वॅटच्या जुन्या दिव्याइतका उजेड सुमारें ९ वॅटचा एलईडी दिवा देतो. म्हणून प्रत्येक पालिकेनें व ग्रामपंचायतीनें आपल्या इमारतीचें मासिक वीजबिल दारावरील फलकावर लावावें. पैसा करदात्यांचा आहे. हिशेब मागणें हा पालकांचा हक्क, व तो वाचावयास शिकणें हें विद्यार्थ्यांचें कर्तव्य होय.