कोयत्याच्या हिशेबात बाई कुठे आहे?

दसरा-दिवाळी उलटली की परळी वैजनाथच्या परिसरातील वाड्यावस्त्या ओस पडू लागतात. ट्रक-ट्रॅक्टरांवर संसार चढतात आणि बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील फडांची वाट धरतात. मागे उरतात म्हातारी माणसे आणि साक्षरता वर्गाचा फळा. ज्यांच्यासाठी वर्ग काढला, त्या सहा महिने गावातच नसतात. तरीही अहवाल भरले जातात.

गेल्या पावसाळ्यात अशाच एका वर्गात सही शिकलेल्या बाईने मला विचारले, "गुर्जी, सही तर आली. पन करू कुठं? मुकादमाच्या वहीत नाव मालकाचंच हाय." चाळीस वर्षे अर्थशास्त्र शिकवलेल्या माणसाला या प्रश्नाने निरुत्तर केले.

प्रश्नाचा अर्थ समजून घेतला पाहिजे. ऊसतोडीत नवराबायको मिळून एक 'कोयता' धरला जातो. उचल कोयत्याला, मजुरी कोयत्याला, खाड्याचा दंडही कोयत्यालाच. बाई ऊस तोडते, सोलते, मोळ्या बांधते, डोक्यावरून वाहून वाहन भरते. पहाटेची चूल निराळीच. परंतु तिच्या श्रमाचा वेगळा आकडा कोठेही नाही. समान वेतनाचा कायदा १९७६ साली झाला. ते तत्त्व पुढे २०१९ च्या वेतन संहितेत समाविष्ट झाले. पण समानता मोजायला दोन वेतने लागतात! जेथे वेतनच एक आणि तेही नवऱ्याच्या नावावर, तेथे विषमता सिद्ध तरी कशाच्या आधारे करायची?

या अदृश्यतेची किंमत शरीराने मोजावी लागते. २०१९ साली राज्य सरकारने नेमलेल्या समितीच्या पाहणीत बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. खासगी वैद्यक व्यवसायाचा लोभ यात आहेच. परंतु ज्या व्यवस्थेत दुखण्याचा दिवस हा दंडाचा दिवस ठरतो, ती व्यवस्था निर्दोष कशी?

बाई अडाणी म्हणून नाडली जाते, असे आपले सुशिक्षित सांगतात. हे अर्धसत्य आहे आणि म्हणूनच सोयीचे आहे. १९७८ च्या राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रमाने अक्षरज्ञानाबरोबर जाणीवजागृतीचेही उद्दिष्ट ठेवले होते. पुढे योजनांची नावे बदलत गेली, जाणीव मागे पडली आणि नवसाक्षरांची संख्या तेवढी उरली. जोतीराव-सावित्रीबाईंनी १८५५ साली कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली, ती केवळ अंगठा पुसण्यासाठी नव्हे.

खरे प्रौढ शिक्षण कसे असेल? जानेवारी २०२४ च्या करारात तोडणीदर ३४ टक्क्यांनी वाढून टनाला ३६६ रुपये झाला. मग फळ्यावर गणित मांडा: एक लाखाची उचल फिटायला किती टन ऊस तोडावा लागेल? सुमारे २७३ टन. दिवसाला दोन टन धरले तर १३७ दिवस, म्हणजे साडेचार महिने; आणि पोटाचा खर्च अजून धरलेलाच नाही. यातले माझे टन किती, हा पुढचा प्रश्न बाई स्वतःच विचारील. तो प्रश्न ज्या वर्गात उमटत नाही, तो वर्ग मुकादमाला मुळीच नकोसा वाटणार नाही.

आता थोडे आपल्याविषयी. दरवाढीच्या वाटाघाटींत कामगारांची बाजू मांडणारे आपणही कोयत्याचाच दर मागत आलो. स्वतंत्र हिशेबाने घरात भांडणे लागतील, असे काही साथी म्हणतात. जी शांतता बाईचे नाव वहीतून पुसून मिळते, ती राखण्याचे काम समाजवाद्यांचे नव्हे. मालकाच्या वहीविरुद्ध लढणाऱ्याने घरातली वहीही उघडली पाहिजे.

म्हणून मागणी स्पष्ट हवी: कराराच्या कागदावर बाईचे स्वतंत्र नाव, मजुरीचा निम्मा वाटा तिच्या स्वतःच्या खात्यात, पाळीच्या व आजारपणाच्या दिवसाला दंड नाही, आणि साक्षरतेचा वर्ग गावच्या चावडीत न थांबता फडावरच्या कोप्यांपर्यंत. पुढच्या हंगामाचे ट्रक निघण्यापूर्वी प्रत्येक कार्यकर्त्याने एका तरी वस्तीवर जाऊन हे गणित फळ्यावर मांडावे. सही शिकलेल्या बाईला सही करायची जागा मिळवून देणे, हा प्रौढ शिक्षणाचा दुसरा धडा आहे. तो अजून कोणी शिकवलेला नाही.