वकीलसाहेबांची गल्ली

(बी. ए. द्वितीय वर्ष)

मी कला शाखेत शिकते आणि दुपारी दोननंतर एका कर सल्लागाराच्या दुकानी कामाला जाते, असे सांगितले की पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘आर्ट्सच्या मुलीला टॅक्समधले काय कळते?’ प्रश्न रास्त आहे. जुलै २०२४ मध्ये मी त्या दुकानाची पायरी पहिल्यांदा चढले तेव्हा मलाही तोच पडला होता. आमच्या घरात माझ्यापूर्वी कोणी महाविद्यालयात गेलेले नाही, आणि आयकर तर कोणीच भरलेला नाही. शेतीच्या उत्पन्नाला आयकर नसतो, आणि असता तरी आमच्या साडेतीन एकरांत तो लागण्याइतके काही उरत नाही. तेव्हा कर ही शहरातल्या, पोट सुटलेल्या माणसांची भानगड, अशी माझी समजूत होती. दोन हंगामांत ती पार बदलली. त्याविषयी, आणि हे काम करणाऱ्या माणसांविषयी, मला काही सांगायचे आहे. शेवटी एक तक्रारही करायची आहे.

परभणीच्या मोंढ्यामागच्या एका अरुंद गल्लीत सहा दुकाने एका ओळीत आहेत. पाट्यांवर ‘कर सल्लागार’ असे मोठ्या अक्षरांत, आणि ‘आयकर, जीएसटी, शॉप अॅक्ट, पॅनकार्ड’ असे लहान अक्षरांत. सहांपैकी सी. ए. एकही नाही. एकाने वकिलीची पदवी घेतली आहे, बाकीचे बी. कॉम. झालेले, आणि त्यांतले दोघे पूर्वी आडत दुकानात मुनीम होते. तरी व्यापारी सर्वांनाच ‘वकीलसाहेब’ म्हणतात. आमचे मालक, ज्यांना मी काका म्हणते, या संबोधनाला आता हरकतही घेत नाहीत. सर्वांत वडीलधारे ते कोपऱ्यावरचे अण्णा. त्यांनी १९५९ च्या मुंबई विक्रीकर कायद्यावर काम केले, सी फॉर्मसाठी विक्रीकर कार्यालयाच्या रांगेत दिवस घातले, १ एप्रिल २००५ ला व्हॅट आला तेव्हा जुनी पुस्तके रद्दीत घातली आणि १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा नवी पुस्तकेही रद्दीत घातली. ‘कायदा बदलला की आम्ही सगळे पुन्हा पहिलीत,’ असे ते म्हणतात. आता १९६१ चा आयकर कायदा जाऊन १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा कायदा, म्हणजे अण्णांची आणखी एकदा पहिली.

हे काम बाहेरून वाटते तसे आकडेमोडीचे नाही. बेरीज-वजाबाकी संगणक करतो. आमचा जीव जातो तो तारखांत आणि थैल्यांत. मोठ्या व्यापाऱ्याचे विक्रीचे विवरणपत्र दर महिन्याच्या ११ तारखेला, कर भरण्याचे २० तारखेला. उशीर झाला तर दिवसाला ५० रुपये, आणि काही उलाढालच नसली तरी दिवसाला २०. व्यापारी मात्र नऊ तारखेपर्यंत निवांत असतो. दहाला संध्याकाळी तो किराण्याच्या थैलीत कोंबलेली बिले आणून टेबलावर ओततो. त्यांत लग्नपत्रिका निघतात, औषधाच्या चिठ्ठ्या निघतात. एकदा मूठभर हरभरेही निघाले.

उन्हाळा सरला की नोकरदार येऊ लागतात, आणि त्यांच्याबरोबर भीती येते. एकदा जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले एक गुरुजी आले. ‘नोटीस आली आहे,’ एवढेच म्हणाले आणि खुर्चीत बसून राहिले. दोन रात्री त्यांना झोप नव्हती. पाहते तो कलम १४३(१) ची नेहमीची सूचना. हिशेब जुळल्याचे कळवणारी, आणि खाली त्यांनाच ३,२१० रुपये परत मिळणार असल्याचे लिहिलेले. पण मजकूर सगळा इंग्रजीत, कलमांनी खच्चून भरलेला. मी तो ओळीओळीने मराठीत सांगितला. गुरुजींनी पुन्हा एकदा पहिल्यापासून सांगायला लावला आणि मग चहा मागितला. आर्ट्सच्या मुलीला काय कळते, याचे निम्मे उत्तर मला त्या दिवशी मिळाले.

उरलेले निम्मे कापसाने दिले. शेतकऱ्याकडून कच्चा कापूस घेतला तर त्यावरचा ५ टक्के जीएसटी शेतकऱ्याने नव्हे, घेणाऱ्याने भरायचा, असा १५ नोव्हेंबर २०१७ पासूनचा नियम आहे. मानवतकडच्या एका जिनिंगचे विवरणपत्र भरताना काकांनी मला तो रकाना दाखवला : ३.१ (डी). त्याच जिनिंगला आमच्या दादांनी, म्हणजे वडिलांनी, त्या महिन्यात अकरा क्विंटल कापूस घातला होता. रकान्यात शेतकऱ्यांची नावे नसतात, नुसती एकूण रक्कम असते. तरी त्या रकमेत कुठेतरी आमचे अकरा क्विंटल होते, आईने आणि मी वेचलेले. मी आनंदाने दादांना फोन केला. सगळे ऐकून घेऊन ते म्हणाले, ‘मंग त्यात भाव काय लिवलाय?’

विषय निघालाच आहे तर आजीचेही सांगते. व्यापाऱ्याकडून वर्षाला २,५०० रुपये व्यवसाय कर घेतात, नोकरदाराच्या पगारातून दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० कापतात. जो येतो तो कुरकुरतो की, हा आणखी कशाचा टॅक्स? हा कायदा १९७५ चा. रोजगार हमी योजनेला पैसा उभा राहावा म्हणून तो केला गेला. माझ्या आजीने बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडली, सुकडीवर दिवस काढले, आणि पुढेही कित्येक उन्हाळे ती हमीच्या कामावर जात राहिली. म्हणजे मोंढ्यातल्या कोणा कुरकुरणाऱ्या शेठजीचे पैसे फिरत फिरत माझ्या आजीच्या हातावर पडले असणार! मी हे गिऱ्हाइकांना सांगू लागले तेव्हा काका म्हणाले, ‘ताई, इतिहास नंतर, आधी पावती दे.’

आता त्या सहा दुकानांच्या आपसातल्या संबंधांकडे येते. एकाच गल्लीत, एकाच धंद्यात बसलेली माणसे एकमेकांची गिऱ्हाइके ओढत असतील, असे कोणालाही वाटेल. थोडेसे ओढतातही. पण मी जे पाहिले ते निराळे आहे.

कामाला लागून चार महिने झाले होते. पाइप विकणाऱ्या आमच्या एका व्यापाऱ्याने सेलूच्या दुकानदाराला एक लाखाचा माल दिला होता, वर १८,००० रुपये कर. सारख्या नावाचे दोन दुकानदार यादीत होते, एक सेलूचा, दुसरा जिंतूरचा. मी घाईत जिंतूरचा निवडला. झाले असे की, सेलूच्या दुकानदाराने भरलेले १८,००० त्याच्या खात्यावर दिसेनात, आणि दिसल्याशिवाय त्याला त्यांची वजावट घेता येईना. त्याचे काम आमच्याच गल्लीतल्या तिसऱ्या दुकानातले भाऊ पाहतात. भाऊंनी मनात आणले असते तर ‘तुमच्या व्यापाऱ्याचा वकील कच्चा आहे’ असे सेलूला आणि मोंढ्यात दोन्हीकडे सांगितले असते, आणि आमचे एक चांगले गिऱ्हाईक गेले असते. ते स्वतः उठून आले. काका बाहेर गेले होते. भाऊंनी मला संगणकावर ती नोंद उघडायला लावली, चूक मला स्वतःला सापडेपर्यंत थांबले, आणि पुढच्या महिन्याच्या विवरणपत्रात दुरुस्ती कशी टाकायची ते दाखवून निघून गेले. सेलूच्या दुकानदाराचे पैसे महिनाभर अडकले, ते अडकलेच. त्याची समजूत भाऊंनी काढली. संध्याकाळी मी काकांना सगळे सांगितले. ते रागावले, आणि मग व्हॅटच्या काळातली स्वतःची एक चूक सांगितली, जी अण्णांनी निस्तरली होती. या गल्लीत कोणी कोणाची फी घेऊन शिकवलेले नाही. सगळे असेच चुकत, एकमेकांच्या दुकानात जाऊन विचारत शिकले आहेत.

पाचव्या दुकानातल्या गृहस्थांचे वडील वारले तो महिन्याचा सतरावा दिवस होता. वीस तारखेची त्यांची सगळी कामे पाच दुकानांनी वाटून घेतली. एकही विवरणपत्र उशिरा गेले नाही, आणि पैशाचा विषय कोणी काढला नाही.

१५ सप्टेंबर २०२५ ची रात्र तर मी विसरणार नाही. आयकराची ३१ जुलैची मुदत त्या वर्षी १५ सप्टेंबरपर्यंत वाढवून दिली होती. पितृपंधरवडा चालू, बाहेर पाऊस, आणि संगणकाच्या पडद्यावर ते गोल गोल फिरणारे चक्र. दर दहा मिनिटांनी कोणीतरी दारात येऊन विचारी, ‘तुमच्याकडं चालायलंय का?’ ज्याच्याकडे चाले त्याच्या दुकानात बाकीचे आपली कागदपत्रे घेऊन जात. गिऱ्हाइकांना फोन करून उठवायचे, ओटीपी विचारायचा, तोवर त्याची वेळ संपायची, पुन्हा उठवायचे. भाऊंच्या घरून सर्वांसाठी पिठले-भाकरी आली. मध्यरात्रीच्या सुमारास मुदत एक दिवस वाढल्याची बातमी आली तेव्हा अण्णा म्हणाले, ‘म्हणजे उद्याही हेच.’ खरोखरच दुसऱ्या दिवशीही तेच झाले. सतराला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या ध्वजवंदनाला मी महाविद्यालयात उभी होते, ते डोळे मिटू नयेत म्हणून मैत्रिणीचा हात धरून.

एवढा गोडवा सांगितल्यावर आता तक्रार.

या सहा दुकानांपैकी एका दुकानात नोकरदारांची रीघ जास्त असते. तेथे विवरणपत्राची फी नाही; परतावा जितका मिळेल त्यावर टक्केवारी. परतावा मिळतोही भरपूर, कारण न दिलेले घरभाडे, न दिलेल्या देणग्या, न घेतलेली कर्जे कागदावर येतात. गल्लीतल्या सर्वांना हे ठाऊक आहे. एक गृहस्थ आमच्याकडे येऊन सरळ म्हणाले, ‘माझ्या सहकाऱ्याला चाळीस हजार आले, तुम्ही मला दोन हजार कसे सांगता?’ काकांनी त्यांना हात जोडून दुकानाबाहेर पोचवले. पण त्या दुकानदाराला ते एका शब्दाने बोलले नाहीत. कोणीच बोलत नाही. ‘ज्याचे त्याच्यापाशी. गल्लीत वाईटपणा कशाला?’

१४ जुलै २०२५ ला आयकर खात्याने अशाच मध्यस्थांविरुद्ध देशभर १५० ठिकाणी तपासणी सुरू केली. गिऱ्हाइकांच्या नावाने तात्पुरते ई-मेल काढायचे, विवरणपत्रे भरून झाली की ते सोडून द्यायचे, आणि खात्याच्या नोटिसा त्यांत न वाचलेल्या पडून राहायच्या, असाही प्रकार खात्याने तेव्हा सांगितला. आधीच्या चार महिन्यांत सुमारे ४०,००० करदात्यांनी १,०४५ कोटी रुपयांचे खोटे दावे मागे घेतल्याचेही जाहीर झाले. आमच्या गल्लीत तपासणी झाली नाही. भीती मात्र पोचली. त्या दुकानाची गिऱ्हाइके इतर पाच दुकानांत येऊ लागली. जुनी विवरणपत्रे सुधारून, किमान २५ टक्के जादा कर भरून सुटका करून घ्यायची होती. एका शिपाईमामांनी त्यासाठी मुलीच्या लग्नासाठी ठेवलेली मुदतठेव मोडली. टक्केवारी घेणाऱ्याने टक्केवारी परत केली नाही.

माझे म्हणणे असे की, शिपाईमामांच्या या नुकसानीत गल्लीच्या गप्प बसण्याचाही वाटा आहे. सी. ए. मंडळींवर त्यांच्या संस्थेचा धाक असतो, वकिलांवर बार कौन्सिलचा. जीएसटीची नोंदणी असलेल्या सल्लागाराची नोंदणी तरी गैरवर्तनाबद्दल रद्द होऊ शकते. पण दुसऱ्याचे आयकर विवरणपत्र भरून देणाऱ्याला कसली नोंदणीही लागत नाही. मग त्याला विचारणारे कोण? शेजारच्या दुकानातला माणूसच. जो भाऊ माझी चूक दाखवायला स्वतः उठून आला, त्याने ही चूक दाखवायला दोन दुकाने ओलांडून का जाऊ नये? माझी चूक एका महिन्याची होती आणि अजाणता झाली होती. ही जाणूनबुजून दरवर्षी होते.

काकांना मी हे बोलले. ते बराच वेळ काही म्हणाले नाहीत. मग म्हणाले, ‘तुला उद्या दुसरीकडे नोकरी मिळेल. आम्हाला याच गल्लीत म्हातारे व्हायचे आहे.’ हे खोटे नाही. मला तर या गल्लीत दुकान घालण्याचा अधिकारही मिळायचा नाही, कारण जीएसटीच्या नोंदणीला वाणिज्य, विधी, बँकिंग किंवा व्यवस्थापनाची पदवी लागते; कलेची चालत नाही. परीक्षा कितीही कठीण ठेवा, पण ती सर्व पदवीधरांना देऊ द्या, असे मला वाटते. पण तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

दिवाळीनंतर अण्णांच्या दुकानात सगळे चहाला जमले होते. विषय कोणी काढला ते मला माहीत नाही, मी कप विसळत होते. अण्णांनी मला हाक मारली आणि म्हणाले, ‘पोरी, तुझे मराठी चांगले आहे, एक कागद लिही.’ मी लिहिला : ‘येथे परताव्यावर टक्केवारी घेतली जात नाही. कागद असल्याशिवाय वजावट दाखवली जात नाही. गिऱ्हाइकाचाच ई-मेल व फोन नंबर लिहिला जातो.’ तीन ओळी. खाली सह्या करून तो प्रत्येकाने आपापल्या दुकानात लावायचा होता. सहांपैकी चौघांनी सही केली. पाचवे म्हणाले, विचार करून सांगतो. सहावे चहा अर्धा ठेवून उठले. आमच्या दुकानात तो कागद पंख्याच्या बटणांशेजारी चिकटवलेला आहे, आणि येणारा माणूस तो वाचत असला की काका मान खाली घालून खतावणी चाळू लागतात.