मुलाखतीची बंद खोली

महाविद्यालयीन अध्यापकाची निवड ही संस्थाचालकांची घरगुती बाब होय, असा समज महाराष्ट्रात खोलवर रुजला आहे. हा समज मुळातच खोटा आहे. अनुदानित महाविद्यालयातील अध्यापकाचे वेतन राज्याच्या तिजोरीतून दिले जाते, आणि ती तिजोरी हिंगणघाटच्या हमालाच्या व आर्वीच्या कापूस उत्पादकाच्या पैशानेही भरते. पद सार्वजनिक असेल, तर त्याची निवडही सार्वजनिक कसोटीस उतरली पाहिजे.

प्रत्यक्षात काय घडते? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या विनियमांनी पदवी, पीएच.डी., नेट-सेट, संशोधन आणि अध्यापनाचा अनुभव या सर्वांना गुण ठेवले. परंतु हे गुण मुलाखतीस कोणाला बोलवावयाचे, एवढे ठरविण्यापुरतेच. अंतिम निवड केवळ मुलाखतीतील कामगिरीवर! म्हणजे वर्षानुवर्षे कमावलेले सारे दाराबाहेर ठेवावयाचे आणि आत काही मिनिटांत नव्याने जन्म घ्यावयाचा.

वर्धा जिल्ह्यातील खेड्यातून एस.टी.ने ये-जा करीत तासिका तत्त्वावर शिकविणाऱ्या तरुणाचे चित्र डोळ्यांपुढे आणावे. तासाच्या हिशेबाने मानधन, सुटीत तेही नाही. परीक्षेची कामे मात्र कायम अध्यापकाइतकीच. शासनाने भरतीवर बंधने घालावयाची, रिक्त पदांचा ढीग साचू द्यावयाचा आणि मग 2021 मध्ये जसा 2,088 पदांना हिरवा कंदील दाखविला, तसा मधूनच एखादा हप्ता मोकळा करावयाचा, ही रीत. अशा एका जागेसाठी हा तरुण ज्या खोलीत शिरतो, तेथे त्याचे शिकविणे कोणी पाहिलेले नसते. वर्गात पाठ घेऊन उमेदवाराची पारख करावी, अशी सूचना त्याच विनियमांत आहे. पण ती ऐच्छिक. जे अनिवार्य असावयास हवे ते ऐच्छिक आणि जे दुय्यम असावयास हवे ते सर्वस्व, असा हा उलटा न्याय आहे.

यावर उत्तर ठरलेले असते : समितीत कुलगुरूंचे प्रतिनिधी असतात, बाहेरचे विषयतज्ज्ञ असतात, मग अन्याय होईलच कसा? परंतु अध्यक्षस्थानी संस्थेचाच प्रमुख किंवा त्याने नेमलेली व्यक्ती असते, हे सोयीस्करपणे विसरले जाते. जागेच्या भावाची कुजबुज विदर्भातल्या प्रत्येक तालुक्यात ऐकू येते. ती खरी की खोटी, हे सिद्ध करण्याचा मार्गच या पद्धतीने ठेवलेला नाही. प्रामाणिक संस्थेलाही आपला प्रामाणिकपणा दाखविता येऊ नये, याहून त्या पद्धतीचा मोठा पराभव कोणता?

श्रीनगरच्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयातील प्रवेशासंबंधीच्या अजय हासिया खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1980 मध्येच बजावले होते की, मुलाखतीला एकूण गुणांच्या 15 टक्क्यांहून अधिक गुण देणे मनमानीचे ठरेल. मुलाखती ध्वनिमुद्रित कराव्यात, असेही न्यायालयाने सुचविले. प्रौढ उमेदवारांच्या नोकरभरतीत न्यायालयाने पुढे अधिक मुभा दिली, हे खरे. परंतु मुभा देणे निराळे आणि शंभर टक्के कौल मुलाखतीच्या हाती सोपविणे निराळे.

याच वर्ध्यात ऑक्टोबर 1937 मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि झाकिर हुसेन समितीने नयी तालीमची रूपरेषा आखली. हाताने केलेल्या कामातून ज्ञान घडते, हा तिचा गाभा. त्या भूमीत तरी अध्यापकाची परीक्षा त्याच्या कामावरून व्हावी, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येईल काय?

तेव्हा मागणी सरळ आहे. शैक्षणिक गुण व अनुभव अंतिम यादीत धरावेत. प्रत्येक उमेदवाराने विद्यार्थ्यांपुढे पाठ घ्यावा. मुलाखतीला मर्यादित गुण असावेत, तिचे ध्वनिमुद्रण व्हावे आणि प्रत्येकाचे गुण त्याच दिवशी फलकावर लागावेत. यात तिजोरीला तोशीस पडणारे काही नाही. ज्यांना हा फलक नकोसा वाटेल, त्यांनी तो का नको, हे तासिकेवर झिजणाऱ्या तरुणाला समोर बसवून सांगावे.