कंपासपेटीतलं शिसं

गेल्या रविवारी सकाळी कॉफीचा दुसरा कप हातात होता आणि दारावर टकटक झाली. राजाजीनगरमध्ये आम्ही भाड्याने राहतो. खालच्या मजल्यावर घरमालक, मूळचे बेळगावकडचे, मराठा लाइट इन्फन्ट्रीचे निवृत्त सुभेदार. इतक्या वर्षांनंतरही घरात शिरताना पाठ ताठ. त्यांनी तळहात पुढे केला. त्यावर राखाडी, चपटी झालेली, वाटाण्याएवढी गोळी.

"साहेब, नातवाच्या कंपासपेटीत सापडली. आणि वर मलाच विचारतो, आजोबा, तुमच्या गोळीवर तांबं होतं, मग आमची अशी काळपट का? स्वस्तातली देतात का पोरांना?"

नातू एनसीसीचा कॅडेट, आणि तोही आमच्याच बटालियनचा. आदल्या आठवड्यात त्याचं पहिलं फायरिंग झालं होतं. फायरिंग संपल्यावर पोरांनी बटाची माती उकरून आठवण म्हणून गोळ्या खिशात घातल्या होत्या. मी रेंजवरच होतो. पाहिलं, हसलो आणि सोडून दिलं.

आधी नातवाच्या प्रश्नाचं उत्तर. नाही, स्वस्तातली म्हणून नाही.

आपल्याकडे तांब्याच्या भांड्याला कल्हई करतात, तशीच ही एका धातूवर दुसऱ्याची गोष्ट. शिसं जड आणि मऊ. जड म्हणून हवेत वेग टिकवतं, मऊ म्हणून नळीतल्या पिळाच्या खाचांत नीट बसतं आणि फिरकी घेतं. पॉइंट टू टू रायफलची गोळी सेकंदाला साधारण साडेतीनशे मीटरच्या आसपास जाते. तेवढ्या वेगाला वरून मेणासारखं वंगण लावलेलं उघडं शिसं पुरतं. निशाणेबाजीच्या स्पर्धांतही .२२ ला बहुधा साध्या शिशाचीच गोळी वापरतात.

सुभेदारसाहेबांच्या एसएलआरची ७.६२ ची गोळी सेकंदाला आठशे मीटरच्या वर जायची. त्या वेगाला आणि दाबाला उघडं शिसं खाचांत टिकत नाही. ते खरवडलं जातं, नळीला आतून चिकटतं आणि नेम बिघडतो. म्हणून शिशाच्या गाभ्यावर तांबं-जस्ताच्या मिश्रधातूचं जाड आवरण चढवतात. ही कल्हई नव्हे, चांगला घट्ट अंगरखाच. काही .२२ गोळ्यांवर तांब्याचा पातळ मुलामा असतो, ती मात्र कल्हई. लोक दोन्हींना 'तांब्याची गोळी' म्हणतात आणि तिथेच घोटाळा होतो.

हा अंगरखा कसा आला, ती गोष्ट आपल्या देशाशी बांधलेली आहे. १८५७ मध्ये एन्फील्ड रायफलची गोळी उघड्या शिशाची होती, आणि ती नळीत सहज उतरावी म्हणून काडतुसाच्या कागदाला चरबी लावायची पद्धत होती. त्या चरबीची बातमी जानेवारीत कोलकात्याजवळच्या दमदममधून पसरली. पुढचं आपण शाळेत शिकलो. १८८२ च्या सुमारास एडुआर्ड रुबिन या स्विस अधिकाऱ्याने तांब्याच्या आवरणाची गोळी तयार केली. त्यानंतर काहीच वर्षांत धूर न करणारी दारू आली, वेग वाढले आणि आवरणाशिवाय गत्यंतर उरलं नाही. मग वायव्य सरहद्दीवरून इंग्रज अधिकाऱ्यांची तक्रार आली की ही नवी गोळी शरीरातून आरपार जाते, माणूस थांबत नाही. त्यावर त्याच दमदमच्या कारखान्यात टोकावरचं आवरण काढून शिसं उघडं ठेवलेली गोळी बनली. ती शरीरात फुलायची. १८९९ च्या हेग जाहीरनाम्याने अशा गोळ्या युद्धात वापरायला बंदी घातली. म्हणजे आवरण आलं वेगासाठी, पण पुढे ते कायद्याचाही भाग झालं.

इथवर सुभेदारसाहेब खूश होते. मग मी त्यांना सांगितलं, "ती गोळी टाका आणि हात साबणाने धुवा." ते हसले. "साहेब, अठ्ठावीस वर्षं हाताळली. काय झालं मला?"

हेच वाक्य मी वीस वर्षं मेसमध्ये ऐकत आलोय आणि म्हणतही आलोय. आज ते मला चुकीचं वाटतं.

शिसं गोळीसारखं एका क्षणात लागत नाही. ते थोडं थोडं पोटात आणि फुप्फुसात जातं आणि हाडांत साठतं, कारण शरीर त्याला कॅल्शियम समजतं. पुढे रक्तदाब वाढतो, मूत्रपिंडं बिघडतात, वाढत्या मुलांत बुद्धीवर परिणाम होतो. यातलं काहीही झालं तरी कोणी म्हणणार नाही की हे रेंजमुळे झालं. जागतिक आरोग्य संघटना सांगते की शिशाची सुरक्षित अशी कोणतीही पातळी माहीत नाही. आपल्या देशाने २००० साली पेट्रोलमधून शिसं काढून टाकलं. याच बंगळुरूत सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजमध्ये शिशाच्या विषबाधेसाठी राष्ट्रीय केंद्र उभं राहिलं. रेंजवर मात्र पोरं माखलेल्या हातांनी केळं आणि समोसा खातात.

कोणी म्हणेल, मग .२२ लाही तांबं चढवा. त्याने हाताला लागणारं शिसं कमी होईल हे खरं. पण काडतुसातल्या पेटत्या मिश्रणातही शिशाचं संयुग असतं, आणि ते प्रत्येक फायरला धुरातून बाहेर पडतं. आवरणाच्या लष्करी गोळीचाही तळ बहुतेक वेळा उघडाच असतो. अमेरिकी लष्कराने २०१० मध्ये ५.५६ साठी गोळीतून शिसं काढून तांबं आणि पोलाद वापरलं. ती दिशा योग्य आहे आणि आपणही कधीतरी तिकडे जाऊच. पण पुढच्या रविवारचं फायरिंग त्यासाठी थांबणार नाही, आणि थांबूही नये. रायफल हातात घेताना त्या मुलांच्या चेहऱ्यावर जे दिसतं, ते मला हवं आहे.

माझं म्हणणं एवढंच: गोळी कोणतीही असो, शिस्त बदलायला हवी, आणि त्याला पैसे लागत नाहीत. आपण एकेका पुंगळीचा हिशोब ठेवतो. एक कमी पडली तर सगळी प्लाटून गवतात रांगते. बोटांवरून आणि गणवेशावरून घरी जाणाऱ्या शिशाचा हिशोब मात्र कोणी मागत नाही. जी फौज पुंगळी मोजते, तिला हात धुवायला लावणं जड जाऊ नये.

म्हणून पुढच्या फायरिंगपासून आमच्याकडे चार गोष्टी. रेंजवर पाण्याचं पिंप आणि साबण. हात-तोंड धुतल्याशिवाय नाश्ता नाही, आणि नाश्ता फायरिंग पॉइंटपासून लांब. बटातली माती पोरं उकरणार नाहीत. ज्यांना उकरावी लागते ते हातमोजे घालतील, आणि झाडण्याआधी पाणी शिंपडतील. गणवेश घरच्या कपड्यांत न मिसळता वेगळा धुवायचा. मोठ्या रेंजवर वर्षानुवर्षं बट सांभाळणाऱ्या जवानांच्या आणि उस्तादांच्या रक्तातलं शिसं वर्षातून एकदा तपासायला हवं. हे माझ्या अधिकारात नाही. पण ज्यांच्या अधिकारात आहे, त्यांच्यापैकी काही जण हे वाचतात, हे मला माहीत आहे.

संध्याकाळी नातू स्वतः वर आला. सावधान उभा राहून म्हणाला, "सर, आजोबांनी कंपासपेटी धुवायला लावली." चेहरा उतरलेला होता. आठवण गेली म्हणून. मी त्याला त्याचं फायरिंगचं टार्गेट दिलं, पाचही गोळ्यांची भोकं एका बांगडीत मावतील असं. म्हटलं, आठवण ठेवायची तर ही ठेव.

आणि हो, टार्गेट भिंतीवर लावून झाल्यावर हात धू.