पत्रशुद्धी आणि इंग्रजी शब्दप्रयोग

भोर तालुक्यातील आंबवडे येथे शंकराजी नारायण सचिव यांची समाधी आहे. भोर संस्थानाचे मूळपुरुष म्हणून त्यांचे नाव पुष्कळांस ठाऊक असते. परंतु सचिवाचे काम काय, हे थोड्यांच्याच ध्यानी असते. अष्टप्रधानांत ज्यास पूर्वी सुरनीस म्हणत, तोच सचिव. आणि राजपत्रे तपासून त्यांतील कमीजास्त मजकूर दुरुस्त करणे हे त्याचे एक मुख्य कर्तव्य होते. पत्रातील शब्द चुकला तर राज्याचाच शब्द चुकतो, ही जाण त्या काळी होती.

आज आमच्या घरोघरचे अर्ज व पत्रे इंग्रजीत जातात, आणि ती तपासणारा सचिव कोठेच नाही. "भाषा परकी, भावार्थ कळला म्हणजे झाले," असे सुशिक्षितच सांगतात. आमची हरकत नेमकी येथे आहे. भावार्थ पुष्कळदा कळत नाहीच, उलटा कळतो. विद्यार्थी 'आय हॅव अ डाउट' असे लिहितो. त्याच्या मनात साधा प्रश्न असतो, परंतु विलायतेतील अध्यापकास त्यात अविश्वास दिसतो. 'अ फ्यू' म्हणजे काही, नुसते 'फ्यू' म्हणजे जवळजवळ नाहीतच. तेव्हा 'आय हॅव फ्यू ऑब्जेक्शन्स' असे लिहिणारा आपली तक्रार आपल्याच हाताने पुसतो. 'ऑन द कॉन्ट्ररी' मागील विधान खोडून काढते. 'ऑन द अदर हँड' त्यास राहू देऊन दुसरी बाजू मांडते. या दोहोंची अदलाबदल करणारा स्वतःचेच म्हणणे नाकारून बसतो.

याचा अर्थ इकडचा प्रत्येक प्रयोग त्याज्य, असे मात्र आम्ही म्हणत नाही. 'प्रीपोन' हा आपल्याकडे रूढ झालेला शब्द ऑक्सफर्डच्या कोशात गेला आहे. 'डू द नीडफुल' तर एके काळी खुद्द इंग्रज लोकांच्याच पत्रव्यवहारात होते. कसोटी एकच : वाचणारा आपल्याच मनातला अर्थ घेईल काय?

दोष मुलांचा नव्हे, शिकवण्याच्या रीतीचा आहे. डावीकडे इंग्रजी शब्दप्रयोग, उजवीकडे मराठी अर्थ, अशा याद्या पाठ करविल्या जातात. वाक्य कोणी मागत नाही. पालकांनी दर शब्दप्रयोगामागे मुलाकडून स्वतःचे एक वाक्य लिहून घ्यावे, आणि ते वाचून परक्या माणसास काय वाटेल, एवढेच विचारावे. ज्या घरात एवढे होईल, त्या घरास आपला सचिव लाभला, असे आम्ही समजू.