शंभर वर्षांची अट

अहमदाबादच्या जुन्या शहरातली वारसा-फेरी काळुपूरच्या स्वामिनारायण मंदिरापासून निघते आणि जामा मशिदीपाशी संपते. वाटेत कवी दलपतराम यांचे घर लागते. नक्षीदार दर्शनी भाग, ओट्यावर कवीचा पुतळा. मागे मात्र मूळ घर उरलेले नाही. प्रवासी छायाचित्र काढून पुढे जातात.

या फेरीत साबरमतीपलीकडचे शहर येत नाही, आणि तिथेच विसाव्या शतकातील भारतीय वास्तुकलेचे महत्त्वाचे प्रकरण उभे आहे. पोळांमधली घरे मधल्या चौकातून वारा खेळवतात आणि टाक्यात पावसाचे पाणी साठवतात. ल कार्बुझिए यांनी १९५४ साली पूर्ण केलेल्या गिरणीमालक संघाच्या इमारतीत काँक्रीटचे तिरपे पडदे पश्चिमेचे ऊन अडवतात. प्रश्न तोच, ऊन्हाचा. भाषा तेवढी वेगळी. ही दोन्ही शहरे एकत्र वाचल्याशिवाय अहमदाबाद कळत नाही.

परंतु आपली वारशाची कल्पना वयावर बेतलेली आहे. १९५८ च्या केंद्रीय कायद्यानुसार प्राचीन स्मारक किमान शंभर वर्षांचे असावे लागते. जुन्या शहराला २०१७ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. त्यानंतर तीनच वर्षांनी, डिसेंबर २०२० मध्ये, लुई कान यांनी रचलेल्या भारतीय व्यवस्थापन संस्थेतील अठरापैकी चौदा वसतिगृहे पाडण्याचा प्रस्ताव आला. जगभरातून विरोध झाल्यावर तो मागे घेतला गेला. २०२२ मध्ये पुनर्बांधणीचा निर्णय पुन्हा जाहीर झाला.

संस्थेची अडचण खोटी नाही. भिंती झिजल्या आहेत, आणि विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेपुढे सौंदर्याचा हट्ट धरता येत नाही. पण त्याच आवारातील ग्रंथालयाच्या जतनाला २०१९ मध्ये युनेस्कोचा पुरस्कार मिळाला होता. म्हणजे दुरुस्ती अशक्य नव्हती. कोणती इमारत तिला पात्र, एवढाच प्रश्न होता.

साहित्याच्या अभ्यासकांना हा प्रश्न परका वाटू नये. मर्ढेकरांचा ‘काही कविता’ १९४७ चा. शंभर वर्षांची अट आपण लावली असती, तर मर्ढेकर आजही अभ्यासक्रमाबाहेर असते. आधुनिक कृतीचे मोल तिच्या हयातीतच ठरवावे लागते. ती जबाबदारी काळावर ढकलता येत नाही. कवितेची निदान दुसरी आवृत्ती निघते. इमारतीची निघत नाही. दर्शनी भाग पुन्हा उभारता येतो, हे दलपतरामांच्या ओट्यावर दिसतेच. घर मात्र पुन्हा उभारता येत नाही.